गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी हे तपासा

ऑटोमॅटिक गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटरलाच झटके मारायला लागते, सिग्नलवरून निघताना थरथरते किंवा रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंद थांबून मग हलते. मालक घाबरतो, आणि या घाबरण्यावरच काही गॅरेजांचा धंदा चालतो. मिस्त्री एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "साहेब, गिअरबॉक्स गेला. उतरवल्याशिवाय काही कळणार नाही." खरी फसवणूक या वाक्यापासून सुरू होते. एकदा बॉक्स उतरवला की गाडी जॅकवर आणि पार्ट टेबलावर सुटे. मग दीड-दोन लाखांचा आकडा येतो. नको म्हणालात तर उतरवल्याची मजुरी, परत जोडायची मजुरी, दुसरीकडे न्यायचा टोइंगचा खर्च. त्या अवस्थेत बहुतेक जण हो म्हणतात.

म्हणून बॉक्सला पाना लागण्याआधी स्कॅन झालाच पाहिजे, तोही गिअरबॉक्सच्या कंट्रोल मॉड्यूलचा, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा. बिघाडाचे कोड त्यातच नोंदलेले असतात. हजार-दीड हजारांचे साधे ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचायचं यंत्र) बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात, आणि 'स्कॅनला काही आलं नाही, म्हणजे आतून गेलाय' हा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. कोड खोडण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. कोडबरोबर नोंदलेलं तापमान, किलोमीटर आणि व्होल्टेजही त्यात आलं पाहिजे. कोड आधी खोडून मग ट्रायल मारणाऱ्याने पुरावाच पुसलेला असतो. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.४ व्होल्टच्या वर आणि चालू असताना चार्जिंग १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवं. बॅटरी कमजोर असेल किंवा बॉडी अर्थ (बॅटरीची गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर) गंजलेला असेल, तर हे मॉड्यूल वेडेवाकडे कोड दाखवतात. ब्रेकच्या दिव्याचा स्विच खराब असला तर गाडी पार्कमधून निघत नाही किंवा एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सवर यंत्र बसवून केलेली ऑटोमॅटिक) गिअर घेत नाही. हा स्विच काही शे रुपयांचा असतो.

एएमटीत तर लुबाडायला सगळ्यात जास्त वाव आहे, कारण तिथे गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच, मॅन्युअल गाडीसारखे असतात. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम वर बसवलेला अॅक्च्युएटर करतो. हायड्रॉलिक प्रकारात त्याला एक छोटा पंप, अॅक्युम्युलेटर (तेलाचा दाब साठवणारा गॅसचा डबा) आणि सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह असतात. अशा बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाचा घुंऽऽ असा आवाज येतो आणि काही सेकंदांत थांबतो. तोच पंप दर गिअरला पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा अॅक्युम्युलेटरमधला गॅस संपलेला असतो. तो एकटा बदलता येतो, अख्खं किट लागत नाही. आणखी एक: क्लच प्लेट बदलल्यावर स्कॅनरने क्लचची नवी पोझिशन शिकवावी लागते. ते न केल्यास नवीन क्लचवरही गाडी उड्या मारते, आणि त्याच उड्या दाखवून मालकाच्या गळ्यात अॅक्च्युएटर मारला जातो. क्लच बदलून लगेच त्रास सुरू झाला असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा: लर्निंग केलं का?

डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन गटाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच्या सात गिअरच्या ड्राय क्लच (तेलात न बुडणाऱ्या क्लचच्या) प्रकारात नेहमीचं दुखणं मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे कंट्रोल मॉड्यूल आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह एकत्र असलेल्या युनिटचं. त्यात अॅक्युम्युलेटर जिथे आटे घालून बसतो, तिथलं अॅल्युमिनियमचं घर तडकतं, प्रेशर पडतं आणि पी १७ बीएफ हा कोड येतो. ते घर बदलून किंवा मजबुतीची पट्टी असलेलं किट लावून दुरुस्ती होते, हे काम येणारे कारागीर आता मोठ्या शहरांत आहेत. 'पूर्ण मेकॅट्रॉनिकच घ्यावं लागेल' म्हणणाऱ्याला कोड काय आला ते विचारा. याच गिअरबॉक्ससाठी नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून सिंथेटिक तेलाच्या जागी मिनरल तेल भरलं होतं. सांगायचा मुद्दा, पैसे मोजण्याआधी चॅसी नंबर देऊन आपल्या गाडीवर रिकॉल किंवा मोफत दुरुस्तीची मोहीम बाकी आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

तेलातली फसवणूक छोटी दिसते, पण गिअरबॉक्स मारते तीच. 'लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही' असं सांगितल्यामुळे कित्येक गाड्या लाख किलोमीटर त्याच जळक्या तेलावर फिरतात. सीव्हीटीला (गिअरांऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला) त्याच्या ग्रेडचंच तेल लागतं, निसानला एनएस-३, होंडाला एचसीएफ-२. साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल) भरलं की बेल्ट पुलीवर घसरतो, पुलीवर चरे पडतात, मग ते नुकसान भरून निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टर गाडीत (क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद पोचवणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) ड्रेन बोल्ट उघडल्यावर निम्मं किंवा त्याहूनही कमी तेल खाली येतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. इथे बिल लावतात मशीनने केलेल्या बारा लिटर फ्लशिंगचं आणि प्रत्यक्षात चार लिटर काढून चार लिटर भरतात. गाडीजवळ उभे राहा, डब्यांची सील आपल्यासमोर फोडायला सांगा, रिकामे डबे मोजा आणि निघालेलं तेल मापात ओतून बघा. पॅनमधलं चुंबकही पाहायला मागा. त्यावर मऊ राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असतील, तरच बॉक्स उघडायचं बोलणं रास्त.

आता 'रिबिल्ट' बॉक्स, म्हणजे आतले झिजलेले पार्ट बदलून नव्यासारखा केलेला. कुर्ला किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या बाजारातून जुना बॉक्स आणण्यात गैर काही नाही, तसं सांगून आणला तर. पण तो धुऊन, चंदेरी रंग मारून रिबिल्ट म्हणून विकला जातो. सांगली-कोल्हापूरला २०१९ साली आणि चिपळूणला २०२१ साली गाड्या पुरात बुडाल्या. अशा गाडीतला बॉक्स ओळखायचा असेल तर ब्रीदरच्या (बॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीत माती आहे का पाहा आणि कनेक्टर काढून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का ते बघा. रंग बाहेरून मारता येतो, पिनांवरचा हिरवा थर झाकत नाही. खरंच रिबिल्ट असेल तर कोणते क्लच, सील, बेअरिंग नवीन घातले याची पार्ट नंबरसह यादी मिळायला हवी आणि काढलेले पार्ट तुमच्या हातात.

बदललेला बॉक्सही तीन महिन्यांत जातो, त्यामागे बहुतेकदा ऑइल कूलर असतो. बऱ्याच गाड्यांत तो रेडिएटरच्या पोटात असतो. जुन्या बॉक्सचा चुरा त्यात अडकलेला असतो, तो न साफ करता, न बदलता नवीन बॉक्स जोडला की तोच चुरा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागात) जातो. कूलर आतून फुटलेला असेल तर कूलंट तेलात मिसळून तेल गुलाबी दुधासारखं होतं आणि क्लचचं अस्तर सुटतं. एस्टिमेटमध्ये कूलरची ओळ नसेल तर काम सुरू करू देऊ नका.

त्यानंतर तक्रार घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं: 'तुमचं चालवणं चुकतंय.' हे फक्त गल्लीतले गॅरेजवाले म्हणत नाहीत. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट घेणाऱ्यांना थरथरीबद्दल हेच ऐकवलं गेलं. ग्राहकांच्या तक्रारी ज्या पद्धतीने हाताळल्या त्याबद्दल तिथल्या फेडरल कोर्टाने २०१८ मध्ये फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. त्या गिअरबॉक्सची दुखणी ठाऊक होती: सीलमधून तेल गळून क्लचवर यायचं आणि कंट्रोल मॉड्यूल बिघडायचं. तेव्हा चालवण्यावर बोट ठेवणाऱ्याकडून क्लचच्या झिजेचं स्कॅनरमधलं रीडिंग मागा.

कोणी विम्यात बसवून देतो म्हणालं, तर नाही म्हणा. आतली झीज किंवा बिघाड साध्या पॉलिसीत येत नाही, आणि 'पाणी शिरलं' असं खोटं लिहून केलेला दावा सर्व्हेअरने पकडला की सहीपोटी अडकतो तो मालक.

बॉक्स आधीच उतरवला गेला असेल तर एवढं करा: सगळ्या पार्टांचे फोटो, ओडोमीटरचा फोटो, जॉब कार्डची प्रत. वाढीव कामाला आपली लेखी मंजुरी नाही, असा मेसेज व्हॉट्सअॅपवर टाका. झालेल्या मजुरीचं जीएसटीचं पक्कं बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आयोगापुढे जाण्याआधी, गॅरेजने पुन्हा काही उघडण्यापूर्वीच, दुसऱ्या तज्ज्ञाकडून गाडीची पाहणी करून सही-शिक्क्याचा लेखी अहवाल घ्या. बॉक्स परत जोडला गेल्यावर आत काय होतं हे सिद्ध करणं फार अवघड जातं.