नोटरीचा करारनामा की दोघांच्या नावाचा भाडेकरार? लिव्ह-इनच्या पुराव्याचा तुलनात्मक आढावा

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची नोंदणी करणारी सरकारी व्यवस्था महाराष्ट्रात नाही. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहितेखाली ती सक्तीची झाली. आपल्याकडे पुरावा ज्याचा त्यानेच जमवायचा असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईतील जोडप्यांपुढे बहुधा दोन पर्याय येतात: नोटरीसमोर केलेला लिव्ह-इनचा करारनामा, किंवा दोघांच्या नावाचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार, ज्याला बोलताना आपण भाडेकरारच म्हणतो. यांतला एकच आधी करणे शक्य असेल, तर माझ्या मते तो भाडेकरार असावा.

न्यायालय काय पाहते, हे आधी समजून घ्यावे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात ‘विवाहाच्या स्वरूपाचे नाते’ अशी संज्ञा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी निकालात तिच्या कसोट्या सांगितल्या: दोघे विवाहयोग्य वयाचे असावेत, लग्नास कायद्याने पात्र, म्हणजे अविवाहितही असावेत, बऱ्याच काळापासून स्वेच्छेने एका घरात राहत असावेत आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरत असावेत. २०१३ च्या इंद्रा शर्मा निकालाने त्यात एकत्रित आर्थिक व्यवहार, घरकामाची वाटणी, मुले आणि दोघांचा हेतू यांची भर घातली. यातले बरेचसे मुद्दे काळ आणि राहणीशी निगडित आहेत, आणि ते एका सहीने सिद्ध होत नाहीत.

नोटरीच्या करारनाम्याची जमेची बाजू अशी की नाते कोणते आहे, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिता येते. मात्र नोटरी सही करणाऱ्याची ओळख पाहून सही साक्षांकित करतो. दोघे खरोखर एकत्र राहतात की नाही, हे तो तपासत नाही. २०२४ मध्ये मुंबईत बलात्काराच्या तक्रारीतील एका आरोपीने असाच सात कलमांचा करारनामा न्यायालयात दाखवला आणि त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. तक्रारदार महिलेचे म्हणणे मात्र सही आपली नाहीच, असे होते. सहीवरच वाद उभा राहू शकतो तो असा. शिवाय ‘पुढे कोणतीही तक्रार करणार नाही’ किंवा ‘पोटगी मागणार नाही’ अशी वाक्ये तयार मसुद्यांत सर्रास आढळतात. त्यांच्या भरवशावर कोणीही, विशेषतः बाईने, सही करू नये. कायद्याने दिलेले संरक्षण अशा कलमाने काढून घेता येत नाही.

भाडेकराराची ताकद तारखेत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ऑनलाइन नोंदणीत दोघांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतले जातात, त्यामुळे ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणणे अवघड होते. अकरा-अकरा महिन्यांचे सलग तीन करार हाती असले, तर काळाचा प्रश्न बराचसा सुटतो. अडचण एवढीच की दोन मित्रही एकाच करारात भाडेकरू असू शकतात, म्हणून नात्याचे स्वरूप त्यातून कळत नाही. घरमालक ‘नाते काय?’ असे विचारून एकाचेच नाव घालू पाहतो, तेव्हा दुसरे नाव आग्रहाने घालून घ्यावे, कारण ते वगळले तर सगळा खटाटोप वाया जातो.

नात्याची उणीव इतर कागद भरून काढतात: ज्या संयुक्त खात्यातून भाडे जाते त्याचे पासबुक, सोसायटीतील भाडेकरूंची नोंद, आणि बँकेचा नामनिर्देशनाचा अर्ज, ज्यात ‘ठेवीदाराशी नाते, असल्यास’ असा रकाना असतो. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश दाखल करायचे असल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

कॅनडाला जाणाऱ्यांसाठीही हाच क्रम सोयीचा आहे, कारण तिथे कॉमन-लॉ जोडीदार, म्हणजे लग्न न करता एकत्र राहणारा जोडीदार, ठरण्यासाठी सलग एक वर्ष एकत्र राहिल्याचे दाखवावे लागते. दोघांपैकी एकाचे लग्न आधीच झालेले असेल आणि ते कायद्याने संपलेले नसेल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण मागताना यांतला कोणताही कागद सहसा तारत नाही. तिथे आधी घटस्फोटाचा विचार करावा.

आणखी एक फरक वाद पेटल्यावरच लक्षात येतो. करारनाम्याची मूळ प्रत एकाच्याच कपाटात असते आणि ती नाहीशी झाली की दुसऱ्याच्या हाती काही उरत नाही. नोंदणीकृत भाडेकराराची प्रमाणित प्रत मात्र दुय्यम निबंधक कार्यालयातून पुन्हा मिळवता येते.