काकांची अनामत आणि हुकलेली तारीख

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं, कारण काकांचे अडकलेले पैसे सोडवून देतो म्हणणाऱ्या लोकांच्या करारावर काकूची सही मी करवून घेतली होती. ती नको म्हणत होती. "अरे, यांचं काही राहिलं असतं तर यांनीच नसतं का सांगितलं?" असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "काकू, तू सही कर, बाकीचं मी बघतो."

काका 1974 साली सांगलीहून कॅलिफोर्नियात आले. सॅन होजेजवळ त्यांचं घर होतं. ते शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाच्या अखत्यारीतल्या भागात होतं. आत्या सांगलीहून यायची तेव्हा तिला जिने चढवायचे नाहीत, म्हणून घरामागे एक खोली वाढवायचं काकांनी ठरवलं. परवान्याचा अर्ज केला, काउंटीकडे अनामत भरली. मग आत्या गेली आणि खोली राहून गेली. पुढे घर विकून दोघं आमच्या जवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. काउंटीनं अनामतीचा चेक पाठवला तो जुन्या पत्त्यावर. तो वटवलाच गेला नाही. 2020 च्या सुरुवातीला काका गेले. त्यांना मूलबाळ नाही. मृत्युपत्रात सगळं काकूच्या नावे आहे.

2023 च्या सप्टेंबरात काकूला एक पत्र आलं. जाड कागद, वर सोनेरी मोहोर, सरकारी वाटावी अशी. त्यात काकांचं पूर्ण नाव, जुन्या घराचा पत्ता आणि एक क्रमांक होता. 'आपण वारस आहात, रक्कम पाच आकडी असू शकते, मुदत थोडी आहे,' असा मजकूर. मी त्या नंबरवर फोन केला. बाई अतिशय मृदू बोलत होती. काकांचं मधलं नाव म्हणजे माझ्या आजोबांचं नाव. ते तिनं नीट उच्चारलं, आणि तिथेच माझा विश्वास बसला. ज्याला आजोबांचं नाव ठाऊक आहे त्याच्याकडे काहीतरी अधिकृत असणारच, असं मला वाटलं.

तसं काही नसतं. अशा पडून राहिलेल्या पैशांची यादी सगळ्यांसाठी खुली असते. आमची काउंटी न वटलेल्या चेकांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवते. नाव, रक्कम, क्रमांक कुणालाही दिसतात. त्या बाईला जे माहीत होतं ते मला घरबसल्या पाच मिनिटांत कळलं असतं.

त्यांनी पाठवलेल्या करारात मिळालेल्या पैशातला त्यांचा वाटा 35 टक्के होता. मी तो मान्य केला, कारण नाहीतर काहीच मिळणार नाही असं मनात बसलं होतं. मग 'दाव्याची नोंदणी' म्हणून 640 डॉलर मागितले. तीन आठवड्यांनी 'वारसा पडताळणी'साठी 1,150. दोन्ही वेळा मीच काकूच्या खात्यातून वायर केले. सोबत तिच्या सोशल सिक्युरिटी कार्डाची आणि ओळखपत्राची प्रतही पाठवली. दर फोनला एकच उत्तर मिळायचं: दावा दाखल झालाय, काउंटीला वेळ लागतो, तुम्ही मध्ये फोन केलात तर फाइल मागे जाईल. ही शेवटची सूचना मी आज्ञाधारकपणे पाळली. नुकसान त्यातच झालं.

नोव्हेंबरात त्यांचा फोन लागेना. पत्रावरचा पत्ता एका टपालपेटीचा निघाला. मी सुट्टी काढून काउंटीच्या खजिना कार्यालयात गेलो. घरापासून गाडीनं 20 मिनिटं. खिडकीवरच्या बाईंनी क्रमांक टाकला, पडदा माझ्याकडे वळवला. रक्कम 3,860 डॉलर. काकूच्या नावानं एकही दावा आलेला नव्हता. आणि मुदत 9 दिवसांपूर्वी संपली होती.

त्यांनी मला नियम शांतपणे समजावला, तो इथे सांगतो, कारण तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात काउंटी किंवा शहराकडे पडून राहिलेले असे पैसे तीन वर्षं कुणी मागितले नाहीत, तर वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे नोटीस देता येते. पहिल्या नोटिशीपासून 45 ते 60 दिवसांच्या आतली एक तारीख ठरते. त्या तारखेपर्यंत दावा आला नाही तर पैसे काउंटीचेच होतात. 15 डॉलरांपेक्षा लहान रकमा तर वर्षभरानंतर नोटिशीशिवायही जमा करून घेता येतात. आम्हाला पत्र आलं तेव्हा ती नोटीस नुकतीच छापून आली होती. त्या लोकांनी तिच्यावर नजर ठेवली असणार. पत्रातली 'मुदत थोडी आहे' ही एकच ओळ खरी होती.

"फॉर्म एवढाच आहे," म्हणून त्यांनी एक पान माझ्यासमोर ठेवलं. नाव, पत्ता, रक्कम, दाव्याचं कारण. फी नाही. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत जोडली असती तर काम झालं असतं. ते पान हातात घेऊन मी गाडीत बराच वेळ बसून राहिलो.

राज्याकडे गेलेल्या पैशाची गोष्ट वेगळी आहे, आणि हा फरक कृपा करून लक्षात ठेवा. बँकेची खाती, लाभांश, विम्याच्या रकमा बऱ्याचदा तीन वर्षं हालचाल नसली की राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, राज्य नियंत्रकाच्या (स्टेट कंट्रोलर) कार्यालयात जातात. तिथे मालकाचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. शोधणं फुकट, दावा फुकट. मध्यस्थ नेमायचाच असेल तर राज्याकडच्या पैशासाठी त्याला 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. करार लेखी हवा आणि मालमत्ता काय आहे, किती किमतीची आहे, हे त्यात लिहिलेलं हवं. प्रामाणिकपणे हे काम करणारेही आहेत. पण जो रक्कम सांगत नाही आणि आधी पैसे मागतो, त्याच्यापुढे सही करू नका.

त्या रात्री मी राज्याच्या संकेतस्थळावर काकांचं नाव टाकलं. काही नाही. मग नाव-आडनावाची अदलाबदल केली, आणि एक जुनं बचत खातं सापडलं. आपल्या नावांचं इथे असंच होतं. वडिलांचं नाव मधे असतं, कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे तेच आडनाव होऊन बसतं. देशपांडेंचं स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेलं मी पाहिलंय. बायकांच्या बाबतीत माहेरचं नावही तपासा. काकूच्या माहेरच्या नावानं तिच्या पहिल्या नोकरीचा एक न वटलेला चेक निघाला. काका ज्या ज्या राज्यात राहिले तिथेही शोधलं, कारण प्रत्येक राज्याची यादी वेगळी असते. ते खातं आणि तो चेक मिळून 2,214 डॉलर होते. दाव्याची रक्कम हजारापुढची असल्यामुळे काकूची सही नोटरीसमोर करावी लागली. पाच महिन्यांनी चेक आला.

वायरनं गेलेले 1,790 परत आले नाहीत. तक्रारी फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे नोंदवल्या. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे काकूचं क्रेडिट गोठवून घेतलं, म्हणजे तिच्या नावावर दुसऱ्या कुणाला सहज कर्ज काढता येऊ नये. त्याला पैसे पडत नाहीत. तुम्ही कुणाला असे कागद पाठवून बसला असाल तर हे आजच करा, बाकीचं उद्या.

काकू मला एक शब्द बोलली नाही. एकदाच म्हणाली, "ते खोलीचे पैसे होते रे." मला तेवढं पुरे होतं.

आता काउंटीची नोटीस निघाली की मी यादी आडनावं बघत वाचतो. मागच्या यादीत एक मराठी नाव दिसलं, आमच्या मंडळातल्या एका आजोबांचं, गेल्या वर्षी वारलेले. मी त्यांच्या पत्नीला फोन केला. ओळख सांगितली, आणि म्हटलं, "काकू, माझ्यावर विश्वास ठेवू नका. काउंटीचा नंबर त्यांच्याच संकेतस्थळावरून काढा आणि तुम्ही स्वतः विचारा." "आम्हाला काही नको," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी नोटिशीचं कात्रण आणि खिडकीवरचा कोरा फॉर्म घेऊन त्यांच्या मुलाच्या दारात गेलो. मुदत संपायला 19 दिवस होते.