रस्त्याच्या कामातून गाडी नेण्याचा अर्ध्या दिवसाचा वर्ग: माझा अनुभव

वीस वर्षं गाडी चालवतेस, आता वर्ग कशाला, असं घरच्यांनी विचारलं. गेल्या महिन्यात हायवेवर काम चालू होतं, पुढची लेन बंद होताना पाहून मी एकदम ब्रेक दाबला आणि मागचा ट्रक जेमतेम थांबला. त्या धसक्याने नाव घातलं.

आधी तासभर वर्ग, मग मैदानावर शंकू मांडून सराव. सगळ्यात मोलाचं कळलं ते लेन बदलण्याबद्दल. बंद होणाऱ्या लेनमधून शेवटपर्यंत जाणारा घुसखोरच, अशी माझी पक्की समजूत होती. अशांना मी मुद्दाम जागा देत नसे. सरांनी आमच्याच गाड्यांची रांग लावून दाखवलं. रहदारी मुंगीच्या गतीने सरकत असेल तर दोन्ही लेन शेवटपर्यंत भरू द्यायच्या आणि जिथे लेन संपते तिथे चेनचे दात बसतात तसं, एक गाडी इकडची, एक तिकडची. रांग आखूड राहते, मधेच कुणी घुसत नाही. रस्ता मोकळा आणि गाड्या वेगात असतील तर उलट: पहिली पाटी दिसली की आरसा, इंडिकेटर, मान वळवून बघणं, आणि जागा मिळताच लेन बदलणं. हा फरक मला आजवर कुणी सांगितला नव्हता.

ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं की 44 मीटर आंधळेपणाने गेले. त्या दिवशी माझं आणि ट्रकचं अंतर एवढंही नव्हतं.

शंकूंच्या आत कामगारांच्या अलीकडे जो रिकामा पट्टा असतो, तो पाहून ‘काम नाही, उगाच लेन अडवलीय’ असं मी कितीदा म्हटलंय. भरकटलेली गाडी माणसांपर्यंत पोचण्याआधी थांबावी म्हणून तो मोकळा ठेवतात. माझा भाऊ रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. हे ऐकताना मला तोच दिसत होता.

उणिवाही आहेत. पाट्यांची ओळख घाईत उरकली. मैदानावरचा वेग ताशी 30 च्या वर गेला नाही. आणि रात्रीचा सराव अजिबात नाही, जेव्हा समोरचे दिवे डोळ्यांवर येतात आणि शंकू उशिरा दिसतात. भावाची पाळी बहुतेक रात्रीचीच असते, म्हणून हे जास्त खटकलं. तसं मी सरांना लिहून दिलंय. रात्रीची बॅच निघाली तर पुन्हा पैसे भरून जाईन.