अ‍ॅक्टिव्हेशनसाठी पैसे घेतले आणि अस्सल सॉफ्टवेअरची चोरटी प्रत करून दिली

विंडोज १० साठी मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि त्या सुमारास असंख्य लोकांनी विंडोज ११ कडे मोर्चा वळवला. ज्यांच्याकडे एकदाच पैसे भरून कायमस्वरूपी लायसन्सवर घेतलेले एखादे जुने डिझाइन सॉफ्टवेअर आहे, त्यांच्यापैकी अनेकांना या बदलानंतर ते पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करताना अडचण येते, आणि नेमक्या याच अडचणीवर टपून बसलेली माणसे आहेत. मी पुस्तकांची मुखपृष्ठे करते. माझे सगळे काम ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्याच्याच बाबतीत मला हातोहात फसवण्यात आले. त्या माणसाने वापरलेल्या युक्त्या ठरावीक साच्याच्या आहेत आणि उद्या त्या दुसऱ्या कोणावरही वापरल्या जातील, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

आधी मूळ बिघाड समजून घ्यावा लागेल. कायमस्वरूपी लायसन्स बहुधा ठरावीक संख्येच्या संगणकांसाठी असते. माझे दोन संगणकांसाठी होते. सॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हेट होताना संगणकाच्या काही खुणा टिपून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते. कोणत्या खुणा घ्यायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरवते, पण हार्ड डिस्कच्या विभागाचा अनुक्रमांक आणि विंडोजने इन्स्टॉल होताना स्वतःसाठी तयार केलेला ओळख क्रमांक या दोन खुणा अनेक ठिकाणी वापरल्या जातात. आहे त्या विंडोजवरच अपग्रेड केले तर या खुणा सहसा टिकतात. डिस्क फॉरमॅट करून नवे विंडोज टाकले की दोन्ही बदलतात आणि तोच लॅपटॉप सर्व्हरला तिसरा संगणक वाटू लागतो. माझ्या पडद्यावर ‘अ‍ॅक्टिव्हेशनची कमाल मर्यादा पूर्ण झाली आहे’ असा जो संदेश आला, त्याचा अर्थ एवढाच होता. फॉरमॅट करण्यापूर्वी जुने अ‍ॅक्टिव्हेशन प्रोग्राममधूनच रद्द करून जागा मोकळी करायची असते, ही सूचना खरेदीच्या पावतीवर किंवा लायसन्सच्या ईमेलमध्ये कुठेही दिलेली नव्हती.

संदेशातील शब्द तसेच्या तसे शोधयंत्रात टाकले, तेव्हा सर्वांत वर एक जाहिरात आली. त्या पानावर सॉफ्टवेअरचे बोधचिन्ह होते, रंगसंगतीही कंपनीचीच होती आणि ठळक अक्षरांत फोन क्रमांक दिलेला होता. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलत होता. त्याने अडचण नीट ऐकून घेतली आणि तपासणीसाठी दूरस्थ नियंत्रणाचे एक सर्वपरिचित अ‍ॅप्लिकेशन उतरवून घ्यायला सांगितले. अशी अ‍ॅप्लिकेशन्स खरे तंत्रज्ञही रोज वापरतात, त्यामुळे तेवढ्यावरून कोणाला काही वावगे वाटण्याचे कारण नसते.

यानंतर त्याने जे केले ते मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘मॅडम, आमच्या नोंदीत तुमच्या संगणकाचा लायसन्स क्रमांक आहे, तो मी वाचून दाखवतो आणि तुम्ही पडताळून घ्या,’ असे म्हणून त्याने मला ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक कागदावर लिहून घ्यायला लावला. मग कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून त्याने एक छोटी आज्ञा दिली, भराभर ओळी सरकत गेल्या आणि शेवटाकडे हुबेहूब तोच क्रमांक दिसला. समोरचा माणूस कंपनीचाच आहे हे त्या क्षणी माझ्या पुरते गळी उतरले. प्रत्यक्षात ती आज्ञा कोणत्या प्रकारची फाइल कशाने उघडते याची यादी दाखवते आणि तो क्रमांक विंडोजच्याच एका घटकाचा असून जगातील सर्व विंडोज संगणकांवर सारखाच असतो. पुढे मी घरातल्या दुसऱ्या संगणकावर तीच आज्ञा देऊन पाहिली, तर तिथेही तोच क्रमांक आला.

विश्वास बसल्यावर भीती घालण्याची पाळी आली. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची आणि चुकांची नोंद दाखवणारा विंडोजचाच एक भाग, उघडून लाल चिन्हांची रांग दाखवली आणि नव्या विंडोजने लायसन्सची फाइल दूषित केल्याचे सांगितले. (धडधाकट संगणकावरही तिथे अशा चुकांची नोंद सतत होत असते.) मग आले खरे कारण: जुने लायसन्स नव्या विंडोजवर ‘स्थलांतरित’ करण्याचे शुल्क, शिवाय पुढील काही वर्षांच्या तांत्रिक मदतीची योजना. ते न भरल्यास माझे लायसन्स बेकायदेशीर ठरून कायमचे रद्द होईल, असेही त्याने बजावले. त्याने पुढे काय केले ते पाहता हा चोराच्या उलट्या बोंबांचाच प्रकार होता. मी कार्डाने पैसे भरले. बँकेच्या संदेशात रक्कम घेणाऱ्याचे नाव सॉफ्टवेअर कंपनीचे नव्हते; त्याबद्दल विचारले असता ‘आमचे अधिकृत वितरक’ असे उत्तर तयारच होते. पैसे जमा होताच माझा पडदा काळा झाला, त्यावर ‘काम चालू आहे, कृपया थांबा’ एवढी ओळ राहिली आणि बऱ्याच वेळाने पडदा परत आला तेव्हा सॉफ्टवेअर सुरू झालेले होते.

फसवणुकीची ही बाजू मला सर्वांत लबाड वाटते. काम झाल्यासारखे दिसते, म्हणून तक्रार करण्याचा विचारही मनात येत नाही आणि वेळ निघून जातो. काही आठवड्यांनी अपडेट येईनासे झाले, कंपनीच्या संग्रहातील फॉन्ट उघडेनात आणि बाकी इंटरनेट सुरळीत असूनही ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा संदेश येऊ लागला. या वेळी मी प्रोग्रामच्या मदत मेनूमधूनच कंपनीच्या खऱ्या मदत कक्षापर्यंत पोहोचले. तिथल्या तंत्रज्ञाने मला विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधील ‘ड्रायव्हर्स’ आणि त्याच्या आतील ‘इटीसी’ या फोल्डरात असलेली ‘होस्ट्स’ नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडायला सांगितली. तळाशी कंपनीच्या सर्व्हरचे पत्ते एकाखाली एक लिहिलेले होते आणि प्रत्येकापुढे १२७.०.०.१ हा आकडा होता. हा आकडा म्हणजे स्वतःच्याच संगणकाचा पत्ता. थोडक्यात, सॉफ्टवेअरने कंपनीला हाक मारली की ती घरातल्या घरातच विरून जात होती.

मग बाकीचे पाणी कुठे मुरते आहे तेही दिसू लागले. प्रोग्रामच्या मुख्य फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर (फाइल कंपनीचीच आणि जशीच्या तशी असल्याची खूण) पाहिली, तर ती अवैध ठरत होती, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला होता. विंडोजच्या सुरक्षा व्यवस्थेला हा फेरफार सापडू नये म्हणून ते फोल्डर तपासणीतून वगळलेल्या यादीत टाकलेले होते. पैसे मोजून घेतलेल्या माझ्या अस्सल सॉफ्टवेअरवर, वर आणखी पैसे घेऊन, क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणारा चोरटा फेरफार, बसवण्यात आला होता! आणि होस्ट्स फाइलमधील त्या ओळींमुळे आता माझे खरे लायसन्सही अ‍ॅक्टिव्हेट होऊ शकत नव्हते.

खरा उपाय अगदी साधा निघाला आणि त्याला एक पैसाही लागला नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरील माझ्या खात्यात अ‍ॅक्टिव्हेट केलेल्या संगणकांची यादी होती, त्यात माझाच लॅपटॉप त्याच्या जुन्या ओळखीने एक जागा अडवून बसला होता आणि त्याच्यासमोर ‘काढून टाका’ असे बटण होते. ज्या कंपन्यांच्या खात्यात ही सोय नसते, त्यांच्याकडे खरेदीची पावती आणि अनुक्रमांक पाठवून जुनी जागा मोकळी करून मागता येते. सॉफ्टवेअर फारच जुने असेल तर मात्र त्याचा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद झालेला असू शकतो. अशा वेळी फोनवरचा कोणीही मनुष्य, कितीही शुल्क घेऊन, ते रीतसर अ‍ॅक्टिव्हेट करून देऊ शकत नाही. मूळ कंपनीने पर्यायी प्रत उपलब्ध केली असेल तर तेवढाच मार्ग उरतो. विंडोज १० वरून आहे त्यावरच अपग्रेड केलेले असेल, तर सेटिंग्जमधून जुन्या विंडोजवर परत जाण्याची मुभा साधारण १० दिवस असते. त्या मुदतीत मागे जाऊन अ‍ॅक्टिव्हेशन रद्द करून पुन्हा पुढे येता येते, हेही अपग्रेड करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

संगणकाचा ताबा परक्या माणसाच्या हाती गेलेला असल्यामुळे नुसती होस्ट्स फाइल दुरुस्त करून भागणार नव्हते. इंटरनेट तोडून मी आधी त्या फाइलची, पैसे भरल्याच्या पावतीची आणि वगळलेल्या फोल्डरच्या यादीची छायाचित्रे फोनने काढली, कारण डिस्क पुसली की पुरावाही पुसला जातो. कार्ड बंद करून घेतले. ब्राउझरमध्ये साठवलेले सर्व पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले, ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीचे पासवर्ड त्याच्याच आधारे बदलता येतात. दूरस्थ नियंत्रणाच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये त्याने माझ्या परवानगीविना केव्हाही आत येता येईल असा पासवर्ड ठेवून दिलेला आढळला. त्यानंतर डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले आणि सॉफ्टवेअर कंपनीच्याच पानावरून उतरवले.

बँकेत व्यवहाराविरुद्ध तक्रार दिली आहे. ओटीपी मी स्वतः टाकलेला असल्याने ‘ग्राहकाने मान्य केलेला व्यवहार’ हे पहिले उत्तर आले. त्यावर मी, ज्या सेवेसाठी पैसे घेतले ती सेवा दिलीच गेली नाही असा मुद्दा छायाचित्रे आणि कंपनीच्या मदत कक्षाचे ईमेल जोडून मांडला, तेव्हा तक्रार पुढील चौकशीसाठी स्वीकारली गेली. पोलिसांकडेही तेच कागद दिले आहेत. मध्यंतरी त्याच टोळीतील दुसऱ्या एकाचा फोन आला. आपली संस्था बंद होत असून माझे शुल्क परत करायचे आहे, त्यासाठी संगणकाचा ताबा द्यावा आणि बँकेचे खाते उघडून ठेवावे, असे त्याचे म्हणणे होते. या प्रकारात खात्याच्या पानावरील आकडे पडद्यापुरते बदलून ‘चुकून जास्त रक्कम आली, वरची परत करा’ असे सांगितले जाते. मी त्याला परतावा ज्या कार्डावरून पैसे घेतले त्याच कार्डावर जमा करायला सांगितले. त्यावर त्याने फोन ठेवून दिला, आणि तो क्रमांक व फोनची वेळ मी बँकेच्या तक्रारीला जोडली.