हिंज रिलीजसोबत आठ महिने

तिरंदाजीत, कंपाऊंड (कप्प्यांच्या) धनुष्यावर मी चार वर्षं मनगटाला बांधायचा ट्रिगरवाला रिलीज, म्हणजे दोरी पकडून सोडायचं साधन, वापरला. शेवटच्या वर्षी स्कोपचा (नेम धरायच्या भिंगाचा) ठिपका टार्गेटच्या पिवळ्या मध्यावर आला रे आला की बोट आपसूक ट्रिगर दाबून मोकळं व्हायचं. टार्गेट पॅनिक म्हणतात ते हेच. सवय काही केल्या सुटेना, म्हणून बॅक टेन्शनवाला (पाठीच्या ताणाने सोडायचा) हिंज रिलीज घेतला.

याला ट्रिगर नाही. दोरी धरणारा हुक एका अर्धचंद्राच्या कडेवर टेकलेला असतो. हँडल पुरेसं फिरलं की तो निसटतो आणि बाण सुटतो.

पहिले तीन आठवडे धनुष्याला हातही लावू नका. आपल्या ड्रॉ लेंग्थइतका (धनुष्य पूर्ण ओढल्यावर होते तेवढ्या लांबीचा) दोरीचा फास करून त्यावरच सराव करा. मी घाई केली. दुसऱ्याच आठवड्यात धनुष्य ओढता ओढता हँडल फिरलं, मूठ ओठावर आदळली आणि बाण बटच्या (टार्गेट लावायच्या फळीच्या) वरून गेला. मागे मोकळी जागा होती म्हणून निभावलं. तेव्हापासून अंगठा पेगवर (हँडलच्या खुंटीवर) आणि भार तर्जनीवर ठेवूनच ओढतो. अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याशी टेकवायची ठरलेली जागा, पक्का झाला की मगच अंगठा उचलतो.

त्यानंतर महिनाभर तीन मीटरवरून, बटवर कागद न लावता, डोळे मिटून बाण सोडले. खरी गोम तिथे कळली. नाव बॅक टेन्शन, म्हणून मी खांद्याची पाती एकमेकांकडे जीव खाऊन ओढत होतो. हात थरथरायचा, पण हिंज सुटायचा नाही. ज्या दिवशी कोपर मागे जात राहू दिलं आणि तर्जनी सैल सोडली, त्या दिवशी भार मधल्या बोटांवर सरकला आणि हँडल स्वतःहून फिरलं. पाठ लागतेच, पण मूठ आवळलेली असेल तर पाठीचं काही चालत नाही.

सुरुवातीला अर्धचंद्राची क्लिकवाली बाजू ठेवली होती. सुटण्याआधी बारीक 'टिक' येते, धीर वाटतो. पण दोन महिन्यांत मी त्या 'टिक' आवाजालाच दचकायला लागलो, तेव्हा अर्धचंद्र उलटवून गुळगुळीत बाजू घेतली. धनुष्य ओढायला लागणारा जोरही चार पौंडांनी उतरवला, कारण आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवावं लागतं.

५० मीटरवर, ८० सेंमीच्या फेसवर (कागदी टार्गेटवर), ७२ बाणांना माझे गुण ६६० च्या आसपास व्हायचे. आता ६७५ च्या पुढे जातात. दहाचे फार वाढले असं नाही, पण हिसक्याने जाणारे सहा-सात जवळजवळ बंद झाले. वारा असेल तेव्हा मात्र हा रिलीज परीक्षा बघतो. ठिपका हलत असतो, हिंज सुटत नाही, आणि बाण न सोडता दोरी सैल करून पुन्हा ओढावं लागतं. घड्याळ चालू असताना ते जड जातं.

नुकतंच कंपाऊंड धरलेल्यांनी एवढ्यात याच्या वाटेला जाऊ नये. आधी अँकर रोज एकाच जागी बसू द्या. मी अजूनही प्रत्येक सरावाचे पहिले बारा बाण तीन मीटरवरून, डोळे मिटूनच सोडतो.