स्वस्तातला पिझ्झा ओव्हन: आधी दगड बदलायचा की गोधडी घालायची?

बारा इंची, एकेरी पत्र्याचा स्टीलचा ओव्हन, आत १०-१२ मिमी जाडीचा कॉर्डिएराइटचा (उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकचा) दगड, मागे गॅसचा बर्नर किंवा पेलेटची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या कांड्यांची) पेटी. अंगणात-गच्चीवर ठेवायचे स्वस्त ओव्हन बहुतेक असेच असतात. त्यावर आणखी पैसे घालायचे तर मुख्य पर्याय दोन: दगड बदला, नाहीतर पत्र्याला उष्णता धरणारं आवरण घाला. आधी कोणतं, ते दुखणं कुठे आहे त्यावर ठरतं.

त्यासाठी ५०० अंशांच्या वर मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. कोविडात घेतलेला, कपाळावर धरायचा चालणार नाही. त्याची धाव तापापुरतीच. नेम दगडावर धरा. चकचकीत पत्र्यावर धरला तर आकडा बराच कमी दिसतो. मध्यभागी, ज्वाळेजवळ आणि तोंडाशी असं तीन जागी मोजा. नेपल्सच्या पद्धतीच्या ६०-९० सेकंदांत होणाऱ्या पिझ्झ्याला दगड साधारण ३८० ते ४३० अंश लागतो.

आता लक्षणं. पहिला पिझ्झा झकास आणि तिसऱ्याचा तळ पांढरा, तर ओव्हनची उष्णता निसटतेय: आवरण घाला. तळ काळा पडला आणि वर चीज नुकतंच वितळलंय, तर दगड पिठाला फार जोरात चटका देतोय: दगडाचा विचार करा. वरून करपलं आणि खालून कच्चं, तर काहीच विकत घेऊ नका. वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटं तापवा आणि पिझ्झा आत गेला की आच कमी करा.

आवरणासाठी भट्ट्यांचा माल विकणाऱ्या दुकानात सिरॅमिक फायबर ब्लँकेट मिळतं. २५ मिमी जाडी, १२८ घनता (किलो प्रति घनमीटर), १२६० अंशांचं मागा. ते बाहेरून, छतावर आणि बाजूंना गुंडाळून स्टीलच्या तारेनं आवळायचं आणि वरून पातळ पत्र्याचं कवच घालायचं. चिकटपट्टीच्या भरवशावर राहू नका, गोंद तापला की ती सुटते. आत, जिथे ज्वाळा फिरते तिथे हे ब्लँकेट कधीच नको. तंतू सुटून थेट खाण्यात पडतात. कापताना एन-९५ मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, आणि कापलेल्या कडा कवचात बंद करा.

बहुतेक जण छत गुंडाळतात आणि तळ विसरतात. दगडाखाली एकच पत्रा आणि त्याखाली मोकळी हवा, म्हणजे कमावलेली उष्णता खालून गळतच राहते. बुडाला बाहेरून २५ मिमीचा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फळा) बसवणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम, आणि आमच्या मते पहिलं. गॅसच्या ओव्हनमध्ये बर्नरची हवेची छिद्रं, नॉब आणि नळी मात्र झाकू नका. गॅस चालू असताना तोंडाला झाकणही लावू नका: हवा तुटून ज्वाळा विझते आणि आत नुसता गॅस साठत जातो.

दगडाच्या बाजूला खरी स्पर्धा बिस्कोत्तोची. ही इटलीतली भाजक्या मातीची, बिनचकाकीची लादी. कॉर्डिएराइटपेक्षा ती उष्णता बरीच सावकाश सोडते, म्हणून ४५० अंशांवरही तळ करपत नाही. पण तापायलाही ती तेवढीच सावकाश, आणि ३५० च्या खाली तळाला फारसा रंग येत नाही. तीन-चार मिनिटं भाजायचा, जरा कुरकुरीत पिझ्झा आवडत असेल तर हा खर्च वाया. शिवाय ती २०-३० मिमी जाड असते. दगड जितका जाड तितकं तोंड बुटकं, म्हणून मापं आधी घ्या. उरलेली उंची सात-आठ सेंटिमीटरच्या खाली गेली तर पिझ्झ्याची कड ज्वाळेला भिडते. चारी बाजूंनी ३-४ मिमी फट ठेवा, नाहीतर तापून वाकलेला पत्रा लादीला तडा देतो.

मधला मार्ग म्हणजे जाड कॉर्डिएराइट. ३० सेंमीचा गोल दगड १२ मिमीचा असेल तर पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, २० मिमीचा पावणेतीन. एकामागून एक पाच-सहा पिझ्झे काढायचे तर हा वाढीव किलो कामाला येतो. दोघांसाठी दोनच करायचे तर नुसता गॅस जाळतो. स्टीलची प्लेट घरातल्या २५० अंशांच्या ओव्हनमध्ये उत्तम, इथे तळाचा कोळसा करते. ओट्याचा उरलेला कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा तर मुळीच नको, एकदम तापला की तडकतो, कपचे उडतात.

बर्नरचं जेट (गॅस सुटायचं बारीक छिद्र) मोठं करायच्या फंदात पडू नका. परदेशातून आणलेल्या ओव्हनची ज्वाळा मंद वाटत असेल तर त्याच्या पाटीवरचा दाब वाचा. आपला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारचा असतो. पाटीवर त्याहून खूप जास्त दाब लिहिला असेल तर तो ओव्हन या रेग्युलेटरवर कधीच पुरता तापणार नाही, दगड कुठलाही घाला.

पिझ्झ्याच्या तळाला लावायला रवा किंवा मैद्याऐवजी भाकरीला घेतो ती तांदळाची पिठी घ्या. ती उशिरा जळते आणि कडवटपणा कमी येतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना दगड कोणताही असो, तासभर मंद आचेवर १००-१२० अंशांवर ठेवा. आत मुरलेलं पाणी वाफ होऊन सावकाश निघू द्या, मगच आच वाढवा.