200 अँपिअरची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: अख्खी गाडी जोडून झाल्यावरचं मत

मशीन गेली ती मडगार्डच्या पट्ट्यांवर. अख्खी चासी तिनं जोडली, पुढची चाकं धरणारे ए-आर्म जोडले, इंजिनाचे माउंटिंग जोडले, कुठं कुरकुर केली नाही. आणि फालतू टाके तेवढे राहिले असताना आतून फट्ट आवाज आला, पिवळा दिवा लागला, जळक्या बोर्डाचा वास सुटला. पंखा मात्र इमानदारीनं फिरतच होता. वॉरंटी बाकी होती म्हणून मी निर्धास्त होतो. तो निर्धास्तपणा कसा उतरला ते पुढे येईलच, आधी मशीनबद्दल.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत. सिंगल फेज, 60 टक्के ड्यूटी सायकल, हॉट स्टार्ट (आर्क पटकन लागतो), अँटी-स्टिक (रॉड चिकटून बसत नाही), खांद्याला पट्टा लावून नेता येते. मला जीएसटीसकट 7,200 ला पडली. चष्मा आणि ब्रश फुकट मिळतो म्हणून खूश होऊ नका, तो चष्मा पोळ्याला पोरांनी घालायच्या लायकीचा आहे. वेल्डिंगचं हेल्मेट वेगळं घ्या.

घेतली ती एकाच कामासाठी. लोटसनं 1957 साली 'सेव्हन' नावाची दोन सीटची उघडी गाडी काढली होती. लांब नाक, बाहेर आलेली चाकं, छप्पर नाही, आणि खाली लोखंडी पाइपांचा पिंजरा. 1973 पासून ती केटरहॅमवाले बनवतात. जगभरातले हौशी लोक घरच्या शेडात तिची नक्कल करतात, कारण पाइप सरळ आहेत, प्रेस-डाय काही लागत नाही. सुरुवातीला इंग्लंडात ती सुट्या भागांत विकली जायची, कारण सुटी घेतली की खरेदीवरचा कर वाचायचा. हे वाचलं तेव्हाच ठरवलं की बनवायची तर हीच.

वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून आत, आमच्या टिनाच्या शेडात, भंगारातल्या ओम्नीवर ती उभी केली. मारुती 800 का नाही घेतली, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. इंजिन दोन्हीचं 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण 800 पुढच्या चाकांवर चालते आणि ओम्नी मागच्या. लांब नाकाच्या गाडीला इंजिन पुढे आणि ताकद मागे लागते. मात्र ओम्नीचे पुढचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपचे खांब, उंच असतात, ते या बुटक्या नाकात मावत नाहीत. म्हणून ए-आर्म घरी बनवावे लागले, म्हणून वेल्डिंग वाढलं, आणि म्हणून मला या मशीनबद्दल बोलायचा हक्क आहे.

स्टिकरवरचे 200 विसरून जा. रॉडच्या वेल्डिंगला 200 अँपिअरवर साधारण 28 व्होल्ट धरतात, म्हणजे नुसत्या आर्कला 5,600 वॅट. मशीनचं आतलं नुकसान धरलं तर भिंतीतून 30 अँपिअरच्या वर ओढावे लागतील. घरचं मोठं सॉकेट 16 चं. तेव्हा ते 200 दुकानात दाखवायला. पण तेवढ्याची गरजही नाही. चासीचा पाइप 25 बाय 25, 16 गेज, म्हणजे भिंत 1.6 मिलिमीटर. त्याला 2 मिलिमीटरचा 6013 रॉड आणि 45-50 अँपिअर भरपूर झाले. साठीच्या पुढे गेलात की भोक. आणि या खालच्या टोकाला ही मशीन लाजवाब आहे. गावातल्या मिस्त्रीचा जुना वेटोळ्यांचा सेट एवढ्या कमी करंटवर रॉड नुसता चिकटवतो, आणि वाढवला की पाइप फाडतो. हिच्यावर रॉड टेकवला की आर्क लागतो आणि शेवटपर्यंत एकसारखा राहतो. आधी सगळीकडे टाके, मग कर्ण मोजायचे, मग समोरासमोरच्या जोडांना आलटून पालटून भरायचं. एका बाजूनं भरत गेलात तर पिंजरा पिळतो. पाइप काळा घ्या. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, घेतलात तर जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री ताप भरतो. पावसाळ्यात रॉड ओल धरतात, आम्ही ते तव्यावर शेकून घ्यायचो. तवा वेगळा ठेवा, नाही तर घरातलं वातावरण बिघडतं.

ड्यूटी सायकलबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. ते 60 टक्के 40 अंश तापमान धरून असतात. दहा मिनिटांत सहा मिनिटं जोडा, चार थांबा, पण हवा 40 ची असेल तर. आमच्याकडे मे महिन्यात टिनाखाली 40 अंश सकाळी चहा संपायच्या आत होतात. उन्हाळ्यात मी नऊच्या आत काम आवरायचो. अर्थिंगचंही तसंच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि चासीला हात लावला की मुंग्या येतात. रोज बादलीभर पाणी टाकायचं.

आता केबल. हा मुद्दा मी सोडणार नाही.

डब्यावर लिहिलंय 'कॉपर केबल'. होल्डरची केबल दीड मीटरची, अर्थची त्याहून आखूड. ज्यानं कुणी ही लांबी ठरवली त्यानं आयुष्यात टेबलावर ठेवून खिडकीची जाळी जोडली असेल, दुसरं काही नाही. गाडी तीन मीटरच्या वर लांब. नाकापासून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत मी मशीन दाव्याला बांधलेल्या बकरीसारखी ओढत फिरलो. तेही चाललं असतं, पण लगपाशी, म्हणजे टोकाच्या जोडापाशी, केबल इतकी तापायची की रबर बोटानं दाबलं तर दबायचं. 50 अँपिअरवर! तांब्याची एवढी जाड केबल 50 अँपिअरवर तापायचं काही कारण नाही. एका दुपारी लाईन गेली होती, तेव्हा टोक सोललं आणि दाढीच्या ब्लेडनं एक तार खरवडली. वरची लाली गेली आणि आत पांढरं. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा! ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहतं, तेव्हा तेवढ्याच जाडीत तेवढंच काम होणार नाही, हे आठवीतल्या पोराला कळतं. वर अर्थचा चिमटा पत्र्याचा, त्याची स्प्रिंग ढिली, गंजक्या लोखंडाला धरतच नाही. आर्क मधेच तुटायचा आणि मी शिव्या मशीनला द्यायचो. शेवटी नागपूरच्या इतवारीतून खरी तांब्याची केबल आणि पितळी चिमटा आणला. मशीनच्या किमतीच्या चौथाई पैसे त्यातच गेले. बायको म्हणाली, "एका वायरीपायी किती बोलता!" पण मी तांब्याचे पैसे मोजले होते, ॲल्युमिनियमचे नाही. डब्यावर 'कॉपर' छापायला हात कसा धजतो, हे मला अजून कळलेलं नाही.

व्होल्टेजची तक्रार दुसरी. संध्याकाळी आमच्याकडे लाईन 170 वर येते. तेव्हा पिवळा दिवा लागतो आणि मशीन बसून राहते. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'लो व्होल्टेजवरही चालते' लिहिलंय.

आणि कापूस. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 होता, व्यापारी त्याच्या खाली मागत होते, म्हणून सगळ्यांसारखा आमचाही कापूस घरात. शेड आणि कापसाच्या खोलीत एकच भिंत, तीही वर टिनाला न टेकलेली. बाबा दारात उभे राहून म्हणायचे, "घरात कापूस हाय, अन् हा ठिणग्या पाडून रायला." त्यांचं खरंच होतं. वर्षभराची कमाई एका ठिणगीवर ठेवता येत नाही. कापूस विकेपर्यंत वेल्डिंग बंद, नुसती कटाई-घासाई. म्हणजे गाडीची तारीख मी ठरवलीच नाही, कापसाच्या भावानं ठरवली.

आईला वेगळीच धास्ती. 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीला घरी हेलिकॉप्टर बनवणारा तरुण चाचणीत पातं तुटून गेला, ती बातमी तिच्या डोक्यातून जात नाही. गाडीला पातं नसतं, हे सांगून काही उपयोग होत नाही. पारावरच्या लोकांना सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचा किस्सा आठवतो. भंगारातून जीप बनवली म्हणून आनंद महिंद्रांनी तिथल्या कारागिराला 2022 मध्ये बोलेरो दिली होती. "तुले कोन देते बे बोलेरो?" हा प्रश्न मला रोज असायचा.

इथपर्यंतचं बरंचसं मशीन दुरुस्तीला देण्याआधी लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी 'अजिबात घेऊ नका' असं होतं. ती ओळ आता काढून टाकली आहे.

झालं असं. बंद पडल्यावर दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, सर्व्हिस सेंटरला न्या, आमचं काम विकण्यापुरतं. सर्व्हिस सेंटर नागपूरला. एसटीनं पार्सल केलं. चार दिवस फोन उचलला नाही, मग तिकडूनच आला: "भाई साब, मशीन में तो रुई है." हो, आहे. विदर्भात मशीन विकता, तर आत काय काश्मीरचं केशर सापडणार आहे का? "बाहर का माल अंदर गया है, वॉरंटी में नहीं आएगा. ऊपर से केबल भी ओरिजिनल नहीं है." केबल ओरिजिनल नाही! हे ऐकून माझा पारा असा चढला की पुढची पाच मिनिटं मी फक्त त्या ओरिजिनल केबलवरच बोललो. त्यांनी दुरुस्तीचे 3,800 सांगितले. मी म्हटलं, मशीन परत पाठवा. परतीचं भाडंही माझ्याच माथी.

मग आर्वीतल्या टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या पोट्ट्याकडे नेली. त्यानं माझ्यासमोर झाकण उघडलं. हीट सिंकच्या, म्हणजे बोर्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये रुई आणि ग्राइंडरचं लोखंडी पीठ मिळून इतकं घट्ट बसलं होतं की चिमट्यानं अख्खी पट्टी सोलून निघाली. तिच्यात सरकीचा एक दाणा. पंखा हवा फेकत होता, पण ती आत जायला जागाच नव्हती. चारपैकी दोन आयजीबीटी, म्हणजे करंट चालू-बंद करणारे मोठे ट्रान्झिस्टर, उडाले होते. त्यानं चारही एकाच लॉटचे टाकले, कारण दोन नवे आणि दोन जुने एकत्र टिकत नाहीत. 1,100 रुपये, दुसऱ्या दिवशी मशीन हातात. वर म्हणाला, "बोर्ड चांगला हाय भाऊ याचा. याच्याहून महागाच्या मशीनमध्ये असा बोर्ड नसतो. केबल तेवढी फालतू देतात." या माणसाला मी आयुष्यभर गिऱ्हाइकं पाठवणार.

व्होल्टेजचंही त्यानंच समजावलं. लाईन पडली की तेवढंच काम करायला मशीन जास्त करंट ओढते आणि आयजीबीटीवर ताण येतो, म्हणून ती आधीच थांबते. म्हणजे पिवळा दिवा मशीन वाचवण्यासाठी आहे. डब्यावरची ती मोठी अक्षरं काढली तर माझी तक्रार संपली. आता मागच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावतो, रोज झटकतो, आणि आठवड्याला ब्लोअर मारतो. जाळी झटकली नाही तर हवा अडते आणि पुन्हा तेच, म्हणून आळशी माणसानं जाळी लावू नये.

गाडी आता चालते. जिनिंगच्या काट्यावर साडेपाचशे किलोच्या आसपास भरली. ओम्नीचे पाटे एवढ्या हलक्या गाडीला फार कडक, म्हणून मागचे काही काढून टाकले. इंजिनात ताकद जेमतेमच, पण वजन कमी आणि बूड जमिनीला लागल्यासारखं, त्यामुळे चाळीसला ऐंशीची मजा येते. रस्त्यावर नेत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, गाडीत मूळ नोंदीहून वेगळा बदल चालत नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे, आणि नवी गाडी म्हणून नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत नमुना पास करून घ्यावा लागतो. त्या खर्चात आमचं वावर जाईल. म्हणून सोयाबीन निघाल्यावर स्वतःच्या शेतात, नाही तर मित्राच्या बंद जिनिंगच्या आवारात. बायकोनं विचारलंच, "रोडवर न्याची नाही तं बनवली कायले?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, पण ती स्वतः दोनदा शेजारच्या सीटवर बसून आली आहे.

काळ्या मातीच्या ढेकळांवर महिनोन्‌महिने आपटूनही या मशीनचा एकही जोड सुटलेला नाही. चीर गेली ती एकाच ठिकाणी, मागच्या पाट्याच्या कानाजवळ. तो जोड मशीन नागपूरला असताना गावातल्या मिस्त्रीनं त्याच्या जुन्या सेटवर मारला होता. मिस्त्रीला हे आजही मान्य नाही, तो दोष ढेकळांना देतो.

तेव्हा मत असं. बारीक पाइपाचं काम असेल आणि जवळपास बोर्ड दुरुस्त करणारा हुशार माणूस असेल, तर घ्या. किमतीत केबल-चिमट्याचे दीड-दोन हजार आधीच मिळवून ठेवा. सर्व्हिस सेंटर नाहीच असं समजून चाला. पाचपैकी साडेतीन.

काल दुकानदाराचा मेसेज आला, पाच स्टार द्या, पुढच्या खरेदीवर सूट देतो. मी विचारलं, केबल बदलून देता का? दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.